प्लेटलेटचा आकडा आणि प्लेटलेटचे काम

पावसाळा सरत आला, घराघरांतल्या रांजणांत, टाक्यांत आणि कूलरमध्ये पाणी साचून राहिले, की आपल्या जिल्ह्यात एक इंग्रजी शब्द सर्वांच्या तोंडी येतो. तो शब्द म्हणजे ‘प्लेटलेट’. एस.टी. स्टँडवर, मोंढ्यात, गावच्या पारावर एकच चौकशी चालते, “किती झाल्या?” “काल ऐंशी होत्या, आज साठवर आल्या.” साठ म्हणजे साठ हजार, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. ज्यांना स्वतःचा रक्तगट ठाऊक नसतो त्यांना शेजारच्या मुलाच्या प्लेटलेट किती ते पाठ असते.

परंतु याच मंडळींना “प्लेटलेट शरीरात करतात तरी काय?” असे विचारून पाहा. बहुतेकांचे उत्तर येते, “त्या कमी झाल्या की माणूस दगावतो.” हे उत्तर अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच ते महागात पडते. माझे स्पष्ट मत असे आहे की, प्लेटलेटचा आकडा आपण पाठ केला, पण त्यांचे काम शिकलो नाही. काम समजले असते तर जखमेत राख भरण्याची आपली सवय सुटली असती आणि डेंग्यूच्या दिवसांत रक्ताच्या पिशवीसाठी होणारी निम्मी धावपळही वाचली असती. म्हणून आज आकडा बाजूला ठेवून आधी काम पाहू.

प्लेटलेट म्हणजे काय?

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या पेशी असतात आणि तिसऱ्या या प्लेटलेट. शाळेच्या पुस्तकात त्यांना ‘रक्तपट्टिका’ म्हणतात. खरे पाहता ही पूर्ण पेशी नव्हे. हाडांच्या आतल्या मज्जेत काही मोठाल्या पेशी असतात, त्यांचे तुकडे सुटून रक्तात येतात, तेच हे. आकार अवघा दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्या साधारण एक तृतीयांश. आयुष्य सात ते दहा दिवसांचे. प्रौढ माणसाची मज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट तयार करते. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये, म्हणजे जवळपास टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात, त्या दीड लाख ते साडेचार लाख असतात. शिवाय एकूण प्लेटलेटपैकी सुमारे एक तृतीयांश पानथरीत राखीव असतात.

यांचे काम प्रथम नीट ओळखले ते इटलीतील तुरिन शहरातल्या ज्युलिओ बिझोझेरो या डॉक्टरांनी, १८८१-८२ च्या सुमारास. जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांनी पाहिले, की वाहिनीच्या भिंतीला जेथे इजा होते नेमके तेथेच हे बारीक कण येऊन चिकटतात. पुढे १९०६ मध्ये बोस्टनचे जेम्स होमर राइट यांनी हे कण मज्जेतल्या मोठ्या पेशींपासून बनतात हे दाखवले. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच हे ज्ञान हाती आले होते. आपल्या चावडीपर्यंत मात्र फक्त आकडा पोचला.

जखम झाली की काय घडते?

समजा, ज्वारी काढताना विळा बोटाला लागला. पहिल्या काही क्षणांत कापलेली रक्तवाहिनी स्वतःच आकसते, म्हणजे वाट अरुंद होते. रक्तवाहिनीचे आतले अस्तर गुळगुळीत असते, त्यामुळे एरवी प्लेटलेट तेथून न चिकटता वाहत जातात. अस्तर फाटले की त्याखालचे चिवट तंतू उघडे पडतात. रक्तातले एक विशिष्ट प्रथिन या तंतूंना चिकटते आणि वाहत्या प्लेटलेटना धरून ठेवते.

धरलेली प्लेटलेट लगेच रूप बदलते. बशीसारखी चपटी असते ती फुगते आणि तिला चारी बाजूंनी काटे फुटतात. आपल्या पोटातली रसायने ती बाहेर सोडते आणि त्यामुळे आसपासच्या प्लेटलेटही जाग्या होऊन धावत येतात. मग एकमेकींना धरून त्या जखमेच्या तोंडावर बोळा तयार करतात. लहान जखमेत हे काम काही मिनिटांत उरकते.

पण हा बोळा कच्चा असतो. त्याला पक्का करण्यासाठी रक्तातली डझनभर प्रथिने एकामागून एक कामाला लागतात. यातली बहुतेक यकृतात तयार होतात. या साखळीच्या शेवटी फायब्रिन नावाचे धागे तयार होऊन बोळ्याभोवती जाळी विणली जाते. ही जाळी विणण्याचे बरेचसे काम प्लेटलेटच्याच पाठीवर चालते. त्यानंतर प्लेटलेट हे धागे आत ओढून धरतात, गुठळी आवळली जाते आणि जखमेचे काठ जवळ येतात. वर दिसते ती खपली. आतली कातडी भरून आली की शरीर ही जाळी स्वतःच विरघळवून टाकते.

पाटाचा बांध फुटला की आपला शेतकरी काय करतो? आधी हाताला येतील ते दगडगोटे टाकतो, मग पऱ्हाट्यांची जुडी आडवी घालतो आणि वर चिखल थापतो. प्लेटलेट म्हणजे ते दगडगोटे आणि फायब्रिन म्हणजे त्या पऱ्हाट्या. पण पाण्याला जोर असेल तर दगड टाकले तरी वाहून जातात. तोवर कोणी तरी फळी आडवी धरून दाब द्यावा लागतो. जखमेच्या बाबतीत हा दाब देणे एवढेच आपले काम आहे. बाकीचे शरीराला येते.

दाबा, भरू नका

आपण नेमके उलट करतो. जखम झाली की दाबण्याऐवजी तिच्यात काही तरी भरतो. हळद, चुना, तंबाखू, बिडीची राख, कॉफीची पूड, चुलीतली राख, शेतातली माती, काही ठिकाणी तर शेण. औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यातला कामगार जखमेवर ऑइल लावून पुन्हा कामाला लागतो. ही पूड किंवा राख प्लेटलेटना मदत करते असे समजू नये. ती जखमेत अडकून बसते, टाके घालण्याआधी डॉक्टरला ती खरवडून काढावी लागते आणि त्या खरवडण्यात बांधलेली गुठळी सुटून पुन्हा रक्त येते. माती आणि शेण यांत धनुर्वाताचे जंतू असतात. धनुर्वात झालेला रुग्ण ज्याने एकदा पाहिला, तो जखमेवर माती लावणार नाही.

येथे जुनी मंडळी म्हणतील, “डॉक्टर, आम्ही रानातला एकदांडीचा पाला चोळून लावत आलो, रक्त थांबतेच की!” थांबते हे खरे. पण पाला लावताना तुम्ही काय करता ते आठवून पाहा. पाला चोळून जखमेवर ठेवता आणि वरून अंगठ्याने घट्ट दाबून धरता. त्या अंगठ्याचे श्रेय आपण पाल्याला देतो. तोच अंगठा स्वच्छ फडक्यावर ठेवला तर रक्तही थांबेल आणि जखमेत घाणही जाणार नाही.

मग करावे काय? स्वच्छ धुतलेले सुती फडके किंवा गॉज जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावे. घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे दाबावे. “थांबले का बघू” म्हणून दर मिनिटाला फडके उचलू नये. प्रत्येक वेळी उचलताना नुकता जमलेला बोळा फडक्याबरोबर निघून येतो आणि प्लेटलेटना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. फडके भिजले तर ते न काढता त्यावर दुसरे ठेवून आणखी जोराने दाबावे. हात किंवा पाय असेल तर तो उंच धरावा. रक्त थांबलेली लहान जखम मग वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. काच, खिळा किंवा लोखंड खोल रुतले असेल तर उपसू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबून दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरला सांगावे.

रक्ताची चिळकांडी उडत असेल, थ्रेशरमध्ये हात गेला असेल, तर हे काम प्लेटलेटच्या आवाक्यातले नाही. तेथे जोराने दाबत राहून ताबडतोब १०८ ला फोन करावा. दाबूनही रक्त थांबत नसेल आणि जीवच धोक्यात असेल तर जखमेच्या वर, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टा आवळावा, वेळ लिहून ठेवावी आणि तो सैल न करता रुग्णालयात न्यावे. साध्या कापण्यावर मात्र सुतळीने बोट आवळून काळेनिळे करण्याची गरज नाही.

उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो, तेथेही हाच नियम. आपण मुलाला उताणे निजवतो, डोक्यावर पाणी ओततो, नाकाला कांदा लावतो. उताणे निजवल्याने रक्त घशात जाते आणि मूल ते गिळून उलटी करते. त्याला बसवावे, मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. दहा मिनिटे चिमूट सोडू नये. बहुतेक घोळणे एवढ्यानेच थांबतात.

आकडा पुरेसा, काम अपुरे

आता आकड्याकडे वळू. आकडा चांगला म्हणजे सर्व ठीक, हा पहिला गैरसमज. १९१८ मध्ये एदुआर्ड ग्लान्झमान या स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञाने काही मुलांचे वर्णन केले. त्यांच्या प्लेटलेट मोजायला भरपूर होत्या, पण त्या एकमेकींना धरत नव्हत्या. त्यामुळे साध्या जखमेतूनही रक्त वाहत राही. या आजाराला आज त्यांच्याच नावाने ओळखतात. हा आजार दुर्मीळ असला तरी आनुवंशिक आहे. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच मुलाला होतो आणि म्हणूनच जवळच्या नात्यात लग्ने होतात अशा कुटुंबांत अधिक आढळतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या मराठवाड्यात अजून आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. अशा आजारांच्या निदानाचे आणि संशोधनाचे काम मुंबईला परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत चालते. तेव्हा आपल्याच राज्यात याची सोय आहे.

दुसरे उदाहरण फिनलंडमधील. १९२६ मध्ये एरिक फॉन विलेब्रांड यांनी ऑलंड बेटांवरील एका कुटुंबाविषयी लिहिले. त्यातल्या ज्या लहान मुलीपासून त्यांचा अभ्यास सुरू झाला, ती पुढे वयाच्या तेराव्या वर्षी चौथ्या मासिक पाळीत रक्तस्रावाने मरण पावली. जखमेतल्या तंतूंना प्लेटलेट चिकटवणारे जे प्रथिन वर सांगितले, त्याचीच तिच्यात उणीव होती. ते प्रथिन आज विलेब्रांड यांच्या नावाने ओळखले जाते.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आणि दूरदेशीची असली, तरी आपल्या घरातली मुलगी अशीच गप्प बसलेली असू शकते. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, दर एक-दोन तासांनी कपडा बदलावा लागतो, मोठ्या गाठी पडतात, अंगात रक्त उरत नाही, आणि आई म्हणते, “आमच्या घराण्यात सगळ्यांनाच जास्त जाते.” माता-भगिनींनो, ‘सगळ्यांनाच’ हा शब्दच डॉक्टरला सांगण्यासारखा आहे. त्याबरोबर दात काढल्यावर रक्त फार वेळ वाहिले असेल, मार न लागता अंगावर निळे डाग उठत असतील, तर तेही सांगावे. शस्त्रक्रियेच्या किंवा बाळंतपणाच्या आधी हे कळले तर तयारी करता येते. नंतर कळले तर फार उशीर झालेला असतो.

तिसरे कारण आपल्या खिशातच असते. अॅस्पिरिनची गोळी प्लेटलेटची संख्या कमी करत नाही, पण तिची बोलावण्याची रसायने बंद पाडते, आणि तीही त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर. ही क्रिया इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडली. त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाच्या रक्तवाहिनीतली चरबीची गाठ फुटली की प्लेटलेट तिलाही जखम समजून तेथे बोळा करतात आणि वाट बंद पडते. हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा असाच येतो. म्हणून हृदयरोग्याला रोज लहान मात्रेत अॅस्पिरिन देतात. त्याने ती मनाने बंद करू नये, आणि ज्याला डॉक्टरने दिलेली नाही त्याने शेजाऱ्याचे पाहून सुरू करू नये. दात काढण्यापूर्वी मात्र ही गोळी चालू असल्याचे जरूर सांगावे.

आकडा कमी, पण रक्त कोठे आहे?

दुसरा गैरसमज डेंग्यूचा. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात हे खरे. पण साठ हजार किंवा चाळीस हजार झाल्या म्हणजे माणूस दगावणार, असे नाही. रोजची किरकोळ डागडुजी करायला तेवढ्या पुरतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेट देण्याचा विचार करायचा असतो. सिंगापूर आणि मलेशिया येथे ३७२ प्रौढ डेंग्यू रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. चढवल्याने रक्तस्राव टळला असे दिसले नाही, उलट चढवलेल्यांत त्रास अधिक झाला.

मग डेंग्यूत खरा धोका कोणता? रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातले पाणी बाहेर जाते, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब कोसळतो. हे बहुधा ताप उतरतो त्याच सुमारास घडते, जेव्हा घरचे म्हणतात, “आता बरा झाला.” म्हणून आकड्यापेक्षा ही लक्षणे पाहा: पोटात सतत दुखणे, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, सुस्ती. यांतले एकही दिसले तर आकडा एक लाख असला तरी रुग्णाला दवाखान्यात न्यावे. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यावे. अॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांपासून दूर राहावे, कारण काय ते वर आलेच आहे. पाणी, ताक, पेज, मीठ-साखरेचे पाणी, मोसंबीचा रस भरपूर द्यावा. महागड्या किवी फळावर आणि बकरीच्या दुधावर पैसे उधळण्याचे कारण नाही. पपईच्या पानांच्या कडू रसाने ज्याला आधीच उलट्या होत आहेत त्याच्या पोटातले उरलेले पाणीही बाहेर पडते. ताप सरला की मज्जा स्वतःच प्लेटलेट भरून काढते, आणि श्रेय त्या दिवशी जो रस पाजला असेल त्याला मिळते.

आणखी एक. यंत्राने दिलेला आकडा कधी कधी फसवा असतो. नळीत रक्ताच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर यंत्र त्या मोजत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. रुग्ण ठणठणीत आणि आकडा भीतिदायक असेल तर काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावे.

आमच्या व्यवसायातही याबाबत सुधारणेला जागा आहे. नातेवाइकांचा आग्रह झाला की प्लेटलेटची चिठ्ठी लिहून देणे सोपे असते, समजावून सांगायला वेळ लागतो. पण ही पिशवी दात्याने दिलेल्या रक्तातून येते, सतत हलवत ठेवावी लागते आणि साधारण पाच दिवसच टिकते. ज्याला गरज नाही त्याला ती दिली, तर त्याच दिवशी रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला किंवा कर्करोगाच्या मुलाला मिळत नाही.

वीस मिनिटांची परीक्षा

आकड्याशिवायही रक्ताचे काम तपासता येते, याचा उत्तम दाखला सर्पदंशाचा आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने ती फायब्रिनची जाळी विणणारी प्रथिने संपून जातात. अशा रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे, प्रतिविष सुरू करावे. ना वीज, ना यंत्र. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही परीक्षा होते. म्हणून साप चावलेल्याला मांत्रिकाकडे नेऊ नये, चावलेली जागा कापू नये, दोरीने आवळू नये. तो भाग न हलवता सरळ आरोग्य केंद्र गाठावे.

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. शाळेत रक्तपट्टिकांचा धडा शिकवताना गुरुजींनी प्रत्येक मुलाकडून फडके दाबून दहा मिनिटे धरण्याचा सराव करून घ्यावा. कारखानदारांनी प्रथमोपचार पेटी भिंतीला शोभेसाठी न टांगता तिच्यात गॉज आणि पट्ट्या आहेत की नाही ते दर महिन्याला पाहावे आणि प्रत्येक पाळीतल्या निदान दोन कामगारांना त्या वापरायला शिकवावे. शेतकरी बंधूंनी न्याहारीच्या फडक्याबरोबर एक धुतलेले सुती फडके पिशवीत बांधून वेगळे ठेवावे. ते शेतात न्यायला पैसे पडत नाहीत. आणि घरात कोणाला ताप आला, तर “प्लेटलेट किती?” विचारण्याआधी “रक्त कोठून येते का? पोट दुखते का? लघवी होते का?” हे तीन प्रश्न विचारावेत. पुढच्या तपासणीला जाताना त्यांची उत्तरे रिपोर्टाच्या कागदामागे लिहून न्यावीत. डॉक्टरला आकड्याइतकाच त्या उत्तरांचा उपयोग होतो.